चेकबुकातला शहा

ज्या शाखेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, तिच्या वरच्या मजल्यावर युनियनची एक अंधारी खोली होती आणि जेवणाच्या सुट्टीत तिथे बुद्धिबळाचा डाव हमखास मांडलेला असे. प्रतिस्पर्ध्याचा राजा माऱ्यात सापडला की जुने हेडकॅशिअर करड्या आवाजात ‘शह’ म्हणत. नव्याने भरती झालेली मुले त्याच प्रसंगी ‘चेक’ म्हणत. खाली काउंटरवर तर सकाळपासून चेक याच शब्दाचा कारभार चाले. चेक भरणे, चेक क्रॉस करणे, चेक वटणे, न वटता परत येणे, सही चेक करणे आणि दिवसाअखेर सगळी व्हाउचरे चेक करणे. त्यात दर दोघांपैकी एकाच्या अंगात चेक्सचा शर्ट. बुद्धिबळातला शह, बँकेतला चेक, तपासणीतला चेक आणि शर्टावरच्या चौकड्या ही सगळी एकाच शब्दाची लेकरे आहेत, आणि तो शब्द म्हणजे इराणच्या राजाची पदवी आहे, हे मात्र त्या इमारतीत कुणाच्या गावीही नव्हते. (शहा आडनावाच्या आमच्या खातेदारांचा इथे काही संबंध नाही, गुजराती व्यापाऱ्यांचे ते आडनाव साहू, साव या सावकारी कुळातले मानले जाते.)

या वंशावळीचा मूळ पुरुष शोधायचा, तर इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यापर्यंत मागे जावे लागते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारियस राजाने त्या कड्यावर जो लेख कोरवून घेतला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, म्हणजे राजांचा राजा म्हणवतो. शाळेत ‘देव’ शब्द चालवलेल्या कुणालाही त्यातला षष्ठीचा ‘आनाम्’ लगेच ओळखू येईल. पुढच्या शतकांत ख्शायथिय झिजत झिजत ‘शाह’ झाला आणि राजांच्या राजाचा शाहनशाह झाला. या शब्दाच्या मुळाशी सत्ता चालवणे या अर्थाचा जो धातू आहे, त्याच्याच कुळात आपले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ येतात. त्याच घराण्यातली आणखी एक इराणी पदवी, प्रांताच्या राखणदाराची, ‘क्षत्रप’ होऊन नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत नहपानाच्या नावामागे बसलेली आहे. तेव्हा शाह हा शब्द फारसीतून मराठीत पोचण्याच्या शेकडो वर्षे आधी त्याचा चुलतभाऊ गोदाकाठी राज्य करून गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

शाहला युरोपात नेले ते सैन्याने नव्हे, खेळाने. आपला चतुरंग इराणात गेला तेव्हा तिथे त्याचा ‘चत्रंग’ झाला, अरबांनी इराण जिंकल्यावर त्यांच्या तोंडी त्याचा ‘शतरंज’ झाला, आणि अरबांबरोबर तो स्पेन आणि सिसिलीत उतरला. स्पॅनिश लोकांनी अरबी उपपदासकट ते नाव उचलून त्याचे ‘आहेद्रेस’ केले, म्हणजे निदान त्यांच्याकडे चतुरंगाची थोडीशी तरी खूण राहिली. उरलेल्या बहुतेक युरोपने मात्र खेळाचे नाव टाकून दिले आणि राजाचे नाव धरून ठेवले. खेळ शिकणाऱ्याच्या कानावर वारंवार पडतो तो खेळाचा शब्द नसून खेळणाऱ्यांची हाक असते, आणि या खेळातली हाक होती ‘शाह’, म्हणजे ‘राजा सांभाळा’. लॅटिनला ‘श’ झेपत नव्हता आणि शेवटचा ‘ह’ युरोपीय कानांना ‘क’सारखा वाटला असावा. या दोन अडचणींतून शाहचा ‘स्काकुस’ झाला आणि त्याचे अनेकवचन ‘स्काकी’ हे सोंगट्यांचे आणि पर्यायाने खेळाचे नाव ठरले. स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न मठात इसवी सन १०००च्या आसपासची एक लॅटिन कविता जतन केलेली आहे. तिच्यात या खेळाचे नियम पद्यात सांगितले आहेत आणि खेळाचे नाव हेच आहे. त्या कवितेत वजिराच्या जागी राणी येऊन बसलेली दिसते. राजाचे नाव शाबूत राहिले आणि वजिराचे लिंगही बदलले, हा प्रवासातला न्याय मला थोडा एकतर्फी वाटतो.

आता हा लॅटिन शब्द फ्रेंचमध्ये कसा शिरला ते पाहण्यासाठी मावळात जायला हवे. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात १७७९च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला. त्याच्या शौर्यावर मराठे खूश झाले आणि त्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ केले. आरंभीचा जोडाक्षरी ‘स’ जड गेला की जीभ त्याच्याआधी एक स्वर टेकू म्हणून लावते. स्ट्यूअर्टचा इष्टूर आणि उत्तर हिंदुस्थानातल्या स्कूलचे ‘इस्कूल’ ही त्याचीच उदाहरणे आहेत. जुन्या फ्रेंचांनी नेमके हेच केले. लॅटिन ‘स्कोला’चे त्यांनी ‘एस्कोल’ केले आणि स्काकुसचे ‘एस्चेक’. एकवचन एस्चेक म्हणजे राजाला दिलेला शह, अनेकवचन एस्चेक्स म्हणजे सगळा खेळ. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि पुढची दोनतीनशे वर्षे तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच राहिली, तेव्हा ही दोन्ही रूपे इंग्रजीत आली. आरंभीचा टेकू इंग्रजांनी काढून टाकला आणि एकवचनाचा ‘चेक’, अनेकवचनाचा ‘चेस’ झाला. हे दोन शब्द एकाच शब्दाची दोन वचने आहेत, हे सरावलेल्या इंग्रजी वाचकाच्याही सहसा ध्यानात येत नाही. चेकमेटमधला ‘मेट’ आपल्या ओळखीचाच आहे, तो आपला ‘मात’. ‘शाह मात’ याचा अर्थ अरबीच्या अंगाने ‘राजा मेला’ असा सांगतात, तर फारसीच्या अंगाने ‘राजा हतबल झाला’ असा. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त हलता येईनासे होते, म्हणून मला दुसरा अर्थ अधिक खरा वाटतो. आपण संकटावर मात करतो तेव्हाही संकट मरत नाही, निरुत्तर होते.

इथपर्यंतची गोष्ट खेळाची झाली. या शब्दाला पैशाचा वास लागला तो पटामुळे. बुद्धिबळाच्या पटाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’ आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिये’ म्हणत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या राजाचा हिशेब घेण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिचे नावच स्काकारियुम पडले. इंग्लंडच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात, त्यातला एक्स्चेकर तो हाच. शब्दशः पाहिले तर तो गृहस्थ पटाचा चॅन्सेलर आहे.

हे नाव का पडले याची साक्ष देणारा माणूस त्याच कचेरीतला आहे, ही भाग्याची गोष्ट. रिचर्ड फिट्झनील हा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता आणि पुढे लंडनचा बिशप झाला. ११७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने या कचेरीच्या कामकाजावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याला रूप दिले ते गुरुशिष्यसंवादाचे. शिष्य प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतो. आपल्याकडे वेदान्त ज्या पद्धतीने सांगितला जातो, त्या पद्धतीने त्याने सरकारी जमाखर्च सांगितला आहे. तो सांगतो की मधोमध एक लांबट मेज असते, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्याच्या कडेला चार बोटे उंचीची पट्टी ठोकलेली असते, म्हणजे वर मांडलेले काही घरंगळून खाली पडू नये. त्या मेजावर दर ईस्टरला नवीन काळे कापड अंथरले जाते आणि त्यावर रेघांनी रकाने पाडलेले असतात. शिष्याला नावाचे कारण हवे असते. गुरू म्हणतो की तूर्त तरी बुद्धिबळाच्या पटाशी असलेल्या साम्याखेरीज दुसरे कारण सुचत नाही. मग तो पुढे जाऊन हेही सांगतो की पटावर जसे दोन राजे झुंजतात, तसे या मेजावर खजिनदार आणि शेरीफ झुंजतात आणि बाकीचे भोवती बसून न्याय करतात.

शेरीफ म्हटले की आपल्याला मुंबईचे मानाचे पद आठवते, पण त्या काळचा शेरीफ हा आपल्या देशमुख-मामलेदारांच्या जातीचा, परगण्याचा वसूल गोळा करून राजाच्या पदरात घालणारा अंमलदार होता. वर्षातून दोनदा त्याची पेशी असे. ईस्टरला अर्धी रक्कम भरायची आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला उरलेल्या हिशेबाचा निकाल लावायचा. मेजावर काय चाले ते एका रकमेवरून पाहू. शेरीफकडे २०४ पौंड, ६ शिलिंग आणि ८ पेन्स येणे आहेत असे समजा. हिशेबनीस मेजाच्या लांब बाजूला मधोमध बसे. त्याच्या उजव्या हाताकडून पहिला रकाना पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, चौथा विसांचा, पाचवा शेकड्यांचा आणि सहावा हजारांचा. तो शेकड्यांच्या रकान्यात दोन नाणी ठेवी, विसांचा रकाना रिकामा सोडी, पौंडांच्या रकान्यात चार, शिलिंगांच्या सहा आणि पेन्सच्या रकान्यात आठ नाणी मांडी. त्याखाली शेरीफने भरलेल्या रकमेची रांग लागे आणि वरच्या रांगेतून खालची वजा होत जाई. बऱ्याच शेरीफांना वाचता येत नसावे, पण किती नाणी उचलली आणि किती उरली हे कुणालाही दिसत होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिशेब करण्याची याहून साधी रीत मला तरी माहीत नाही. आमच्या कॅश काउंटरवरही ग्राहकासमोर नोटा दोनदा मोजायचा दंडक होता, तो काही वेगळ्या कारणाने नव्हे.

माझे मन या विसांच्या रिकाम्या रकान्यापाशी घुटमळते. त्या कचेरीतल्या लेखनिकांकडे फक्त रोमन अंक होते, आणि रोमन अंकांत रक्कम नोंदवता येते पण बेरीज-वजाबाकी करणे जिवावर येते. चर्मपत्राच्या गुंडाळीवर ही रक्कम दोन ‘सी’ आणि चार ‘आय’ अशी उतरे, त्यात विसांचा पत्ता नसे. कापडावर मात्र विसांची जागा होती, ती रिकामी होती आणि ती रिकामी असल्यामुळेच तिच्या पलीकडच्या दोन नाण्यांचा अर्थ दोनशे पौंड असा ठरत होता. म्हणजे शून्याचे काम तिथे चालू होते, फक्त शून्य लिहायचे चिन्ह नव्हते. भारतीय अंकपद्धती लॅटिन वाचकांना समजावून सांगणारा फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, आणि इंग्लंडच्या खजिन्याचे दप्तर तर त्यानंतरही कित्येक शतके रोमन अंकांतच चालले. हिंदुस्थानातून निघालेल्या दोन गोष्टी अरबांच्या हातून युरोपला गेल्या, एक खेळ आणि दुसरी अंक. इंग्रजांच्या खजिन्यात खेळाचा पट आधी पोचला आणि अंकांना उशीर झाला. मधल्या काळात पहिलीने दुसरीची उणीव भरून काढली. हे सगळे कुणी योजून केलेले नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मला या साऱ्या वंशावळीत याहून सुंदर गोष्ट दिसत नाही.

पैसे भरल्याची पावती म्हणून शेरीफला मिळे ती हेझेल झाडाच्या लाकडाची कांडी. तिला टॅली म्हणत, आणि आपल्याकडच्या हिशेबनीसांना हे नाव संगणकावर रोज भेटते. कांडीवर रकमेच्या खाचा पाडल्या जात, आणि खाचेच्या रुंदीचेही माप ठरलेले होते. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी आणि एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग ती कांडी उभी चिरून दोन भाग करत. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे राही आणि दुसरा, ज्याला ‘फॉईल’ म्हणत, कचेरीत राही. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. खाचा आणि लाकडाच्या शिरा जुळल्या तर पावती खरी. चेकबुकाच्या काउंटरफॉईलमध्ये जो फॉईल आहे तो या कांडीचा वारस आहे. कांड्या बंद करण्याचा कायदा १७८२ साली झाला आणि प्रत्यक्षात त्या बंद पडल्या १८२६ साली, कारण त्या खात्यातल्या मानकऱ्यांची वतने त्यांच्या हयातीपर्यंत चालू ठेवायची होती. हा भाग वाचताना सरकारी कारभार सगळीकडे सारखाच असतो असे वाटून मन प्रसन्न होते. साठलेल्या जुन्या कांड्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा बहुतेक सगळा राजवाडा, संसदेच्या दोन्ही सभागृहांसकट, जळून गेला.

एक्स्चेकर या शब्दातल्या ‘एक्स’ची गंमत राहिली. तो तिथे मुळात नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस’ने सुरू होणारे बरेच शब्द लॅटिनमधल्या ‘एक्स’पासून आले होते, हे पंडितांना माहीत होते, त्यांनी एस्चेकियेलाही त्याच माळेतला समजून त्याच्या डोक्यावर ‘एक्स’ चढवला. प्रत्यक्षात तो ‘ए’ म्हणजे इष्टूरमधला ‘इ’, जिभेने घेतलेला नुसता टेकू. असाच एक आगंतुक ‘पी’ कंट्रोलरच्या पोटात शिरून ‘कॉम्प्ट्रोलर’ हे स्पेलिंग झाले. मूळ शब्द ‘प्रतिगुंडाळी’ अशा अर्थाचा, म्हणजे हिशेबाची मुख्य गुंडाळी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी प्रत. कुणाला तरी त्यात हिशेब या अर्थाचा फ्रेंच ‘कॉम्त’ दिसला आणि त्याने त्याचा मुका ‘पी’ घुसवून दिला. आपल्या संविधानाच्या १४८व्या अनुच्छेदात नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या इंग्रजी पदनामात तो ‘पी’ अजून सुखेनैव नांदतो आहे. हिशेब तपासणाऱ्या खात्यांच्या नावांतच ही तपासणीतून सुटलेली अक्षरे असावीत, यावर मी अधिक काही बोलत नाही.

इकडे चेक हा लहान शब्द स्वतंत्रपणे वाढत होता. राजाला शह बसला की त्याची चाल अडते, म्हणून चेक म्हणजे आधी अडवणूक, मग आवर, मग लक्ष ठेवणे, आणि सतराव्या शतकापर्यंत पडताळून पाहणे. ‘चेकनाका’ हा मराठी रस्त्यावरचा शब्द या शिडीच्या जवळपास सगळ्या पायऱ्यांवर एकदम उभा आहे, कारण तिथे गाडी अडवतात आणि तपासतातही. सावकाराच्या नावे पैसे देण्याची चिठ्ठी लिहिण्याची चाल इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातली, पण त्या चिठ्ठीला तेव्हा चेक म्हणत नसत. अठराव्या शतकात चेक म्हणत ते चिठ्ठीच्या मागे राहणाऱ्या अर्ध्या भागाला, कारण बनावट चिठ्ठी ओळखायचा पडताळा तोच होता. पुढे पुस्तकात राहणाऱ्या भागाचे नाव फाडून दिलेल्या भागाला चिकटले. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या वळणावर त्याचे स्पेलिंग लांबवले, अमेरिकनांनी आखूडच ठेवले, आणि १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाबरोबर आपल्याकडे कायद्यात आले ते ब्रिटिश स्पेलिंग. चेक न वटल्याबद्दल या कायद्याच्या १३८व्या कलमाखाली येणारी नोटीस ज्याने पाहिली आहे, त्याला या शब्दातला शह वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत ‘धनादेश’ रुजवायचा प्रयत्न झाला आणि छापील नमुन्यांपुरता तो रुजलाही, पण काउंटरवर कुणी ‘माझा धनादेश वटला का’ असे विचारल्याचे मला स्मरत नाही. लोकांनी चेक घेतला आणि त्याला आपले क्रियापद दिले, ‘वटणे’, जे आधी हुंडीचे होते. शह मात्र वर्तमानपत्रांकडे गेला. निवडणुका आल्या की शह-काटशहाचे मथळे सुरू होतात आणि एखाद्या उमेदवारीने दुसऱ्याला शह दिला जातो. एकाच शब्दाला आपण दोन दारांनी घरात घेतले, एकदा दरबारी फारसीतून आणि एकदा सायबाच्या इंग्रजीतून. आता एक राजकारण सांभाळतो आणि दुसरा पैसा, आणि अनेकदा दोघे एकाच बातमीत असतात.

सर्वांत विचित्र स्थिती झाली ती फ्रेंचांची. त्यांच्या जुन्या एस्चेकमधला ‘स’ कधीच गळून पडला आणि उरलेल्या ‘एशेक’चा अर्थ आज अपयश असा होतो, अनेकवचनात तोच शब्द बुद्धिबळ. बँकेतला कागद त्यांच्याकडे इंग्रजांकडून परत आला, म्हणून त्याला ते ‘शेक’ म्हणतात, आणि आपणच दिलेला शब्द आपण पुन्हा उसना घेतला आहे याची फारशी कुणाला दखल नसते. खात्यात शिल्लक नसताना दिलेल्या चेकला बोली फ्रेंचमध्ये ‘शेक आं ब्वा’ म्हणतात, म्हणजे लाकडाचा चेक. वेस्टमिन्स्टरच्या कचेरीत मात्र सहाशेहून अधिक वर्षे लाकडाचीच पावती चालत होती, आणि ती बिनदिक्कत वटत होती.